अस्वलाची जीप आन् मधाचं शेवटचं मडकं

जनावरं जीपा हाकायची तवाची गोष्ट. अस्वलाला मध बाजारात न्यायचा व्हता, पर म्हातारी जीप जाग्यावरनं हलंना. माकड मिस्त्री, लबाड बेनं, बोललं, "इंजिन बदलू. मजुरी दोन मडकी मध."

इंजिन बदललं, तर गेर तुटला. गेर नवा बसवला, तर क्लच गेला. माकडाचं पोट फुगलं, अस्वलाकडं एकच मडकं ऱ्हायलं.

"तेबी द्या, अस्वलराव. आता पळतीय बगा!"

अस्वल मडकं द्याया लागलं, तशी जीपच वराडली, "आरं येड्या, समदा मध ह्येच्या पोटात घातलास, तर बाजारात गिऱ्हाइकाला काय माजा पत्रा चाटाय देनार? रबरी भोंगा काढून घे नि पळ पायी!"

अस्वलानं मडकं डोस्क्यावर घेतलं आन् भोंगा दाबत सुटलं. पोंऽ पोंऽ! वाटंवरचा हत्ती दचकून बांधावर चढला. जीप येवढी हसली, येवढी हसली, की नवा गेरबी गळून पडला.