शाहिराचा खरा काळ

सन एकोणीसशे एक्क्याण्णव, माघातली थंडी. चिंचणी गावात शाहीर येसबा भोरे यांच्या सत्काराची तयारी चालली होती. शाहिरांनी पंचवीस वर्षं डफ वाजवला, पुढची पंचवीस गिटार. कोणता काळ मोठा, यावरून चाहते कायम भांडत. यंदा सभापती रंगराव माने यांनी बैठकीत निकालच देऊन टाकला.

"गिटार हातात आली आणि शाहीर संपला. स्टेजवर गिटार दिसता कामा नये."

सगुणाबाई गुरव गिटारीच्या बाजूच्या. हा सत्कार नव्हे, म्हाताऱ्याची मुस्कटदाबी आहे, असं त्यांना वाटलं. त्या उठल्या आणि रंगरावांना म्हणाल्या,

"आबासाहेब, डफाच्या काळातलं गाणं ओळखाल?"

"झोपेतसुद्धा! चुकलो, तर ती गिटार मीच खांद्यावरून स्टेजवर आणीन."

सगुणाबाईंनी मेजावर थाप दिली आणि नदीवरच्या नावाड्याचं कवन खड्या आवाजात सुरू केलं. रंगराव डोलू लागले.

"वाहवा! ही खरी डफावरची शाहिरी! आता असं होणे नाही."

"शाहीर शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालतात. तेवढं ऐका," म्हणून सगुणाबाई गायल्या,

"नाव थांबली, पूल जाहला, दिवाळीच्या पाडव्याला,
फीत कापिती रंगराव, येसबा गातो सोहळ्याला."

बैठक खो खो हसली. तो पूल गेल्याच दिवाळीत झाला होता, आणि फीत कापून रंगराव गिटार बाहेर निघण्याआधीच निघून गेले होते.

"हे गिटारीवरचं आहे, आबासाहेब. शाहीर संपला म्हणता, मग तुमचं नाव कोण गातंय?"

सत्काराच्या दिवशी रंगरावांनी गिटार खांद्यावरून स्टेजवर आणली आणि शाहिरांच्या हाती दिली.