साळूबाईला कुणी उठवलं?

फार पूर्वी एका टेकडीवरच्या उंबरावर एक वानरीण राहत असे. लांबचं सगळ्यांआधी तिलाच दिसे, म्हणून सारी टेकडी तिच्या हाकेवर विसंबून असे.

एका दुपारी वाळल्या गवतातून वणवा पसरत येताना तिला दिसला. ती जीव तोडून ओरडली, "आग! नदीकडे पळा!" ससे धावले, घोरपड धावली, मोर उडाले. पाहता पाहता टेकडी धुराने भरून गेली.

नदीपलीकडे पोचल्यावर वानरिणीने एकेकाला पाहून घेतलं आणि विचारलं, "साळूबाई साळिंदर कुठाय?"

"मला वाटलं, शेजारच्या घोरपडीने उठवलं असेल," ससा म्हणाला.

"मला वाटलं, तिने हाक ऐकली असेल," घोरपड पुटपुटली.

साळूबाई दिवसा जमिनीखाली गाढ झोपते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण समोर टेकडी जळत होती, आता परत जाणं शक्य नव्हतं.

संध्याकाळी आग विझताच वानरीण गरम राखेतून साळूबाईच्या बिळापाशी गेली. आतून खोकला ऐकू आला. बीळ खोल होतं म्हणून साळूबाई वाचली होती, पण धुराने तिचे डोळे सुजले होते.

"एवढे शेजारी असून," ती म्हणाली, "एकानेही दाराशी येऊन हाक मारली नाही?"

दुसऱ्या सकाळी सगळे टेकडीवर परतल्यावर वानरीण बिळाबिळापाशी थांबून विचारत सुटली, "तुम्ही कधी झोपता? आणि तुम्हाला उठवायला कोण येणार?"