ठकूबाईचा सरवा

गादीवर बसून तुम्ही सांगता, मोठ्याचं घर भरलं की लहानाचं आपोआप भागतं. खोटं सांगता! उपाशी माणसाच्या तोंडावर खोटं सांगता. कुसळवाडीत काय घडलं ते ऐका.

त्या वर्षी अंबरगीर महाराज कुसळवाडीच्या खळ्यांजवळ चिंचेखाली मुक्कामाला होते. शाळू असा पिकला होता की हैबतराव देशमुखांच्या खळ्यात मावेना. आणि ठकूबाई? तिला ना जमीन, ना बैल. नवरा अंथरुणाला खिळलेला. काढणी झालेल्या रानात मागे राहिलेली कणसं, म्हणजे सरवा, वेचायचा आणि त्यावर पावसाळा काढायचा. सरवा गरिबाचा, ही गावची जुनी रीत.

"माझं पीक दुप्पट, म्हणजे तुझा सरवाही दुप्पट," हैबतराव तिला म्हणाले होते. पण पीक दुप्पट आलं तशी त्यांची हावही वाढली. काढणीनंतर त्यांनी मजूर लावून सगळं रान पुन्हा वेचून घेतलं. ठकूबाईच्या हाती लागली पाटीभर कणसं. ती तिने खळ्याच्या कडेला बडवली.

आणि वारं पडलं. तीन दिवस पान हलेना. वाऱ्याशिवाय उपणायचं कसं? दाणे भुसात, आणि वर आभाळ भरून आलेलं. भिजलं की सगळं काळं पडणार.

"ठके, फुंकर मार की! तुझ्या ढिगाला एक फुंकर पुरे," हैबतराव म्हणाले. गडी खो खो हसले.

ठकूबाई चिंचेखाली गेली. "महाराज, एवढंच आहे हो. हे भिजलं तर आमची चूल पेटायची नाही."

महाराज म्हणाले, "माय, सूप उचल."

तिने भरलेलं सूप डोक्याच्या वर धरलं, आणि काय सांगावं! भुरुभुरु वारं सुटलं. भूस उडालं, टपोरे दाणे पायाशी पडले. चार हातांवर हैबतरावांचं भूस मात्र सरळ खाली! ते धावत आले. "सर बाजूला!" म्हणत तिला ढकलून तिच्या जागी उभे राहिले. तिथलं वारं पडलं. ठकूबाई जिथे जाऊन उभी राहिली, तिथे तिचा पदर फडफडू लागला.

वीज कडाडली. हैबतराव ओरडले, "महाराज, माझी रास गेली!"

"घाबरतोस कशाला?" महाराज हसले. "तिचं वारं वाढलं की तुझ्याकडे आपोआप येईल. थांब की जरा."

हैबतरावांचा चेहरा खर्रकन उतरला. पागोटं काढून त्यांनी मातीत लोटांगण घातलं. पाय धरायला गेले, तसे महाराज मागे सरले.

"माझे नकोत. तिचे धर."

गड्यांच्या देखत हैबतरावांनी ठकूबाईच्या भेगाळल्या पायांवर डोकं ठेवलं. पहिला थेंब पडला. त्यांची नजर वर गेली.

"आभाळाकडे बघू नकोस," महाराज कडाडले. "हिच्याकडे बघ आणि सांग, हिचा सरवा तुझ्या राशीत गेला कसा? बोल!"