लंगड्या पावलांचं घराणं

फार वर्षांपूर्वी चीनमधल्या एका डोंगरावर सारसांची झुंजविद्येची दोन घराणी होती. एक सरळ पावलं टाकी, दुसरं लंगडत. का, तर आद्यगुरू तसेच चालत.

लंगडून लंगडून एका पिल्लाचा पाय सुजला, तशी त्याची आई गुरुजींवर कडाडली, "अहो, आद्यगुरूंच्या पायात काटा रुतला होता! माझ्या आजीनं डोळ्यांनी पाहिलंय."

"आजी त्या सरळ पावलांच्या घराण्याची असणार," गुरुजी म्हणाले. शिष्य खिदळले.

क्षणभर आईलाच वाटलं, आजी चुकली असेल का? मग तिनं ती सूज पाहिली. "घराणं तुमचं, गुरुजी, पाय माझ्या लेकराचा आहे!" म्हणत तिनं पिल्लाला बाहेर काढलं.

सुजेनं की सवयीनं, पिल्लू वाटेतही लंगडतच होतं. "सरळ चाल रे, मेल्या!" ती ओरडली, आणि लगेच खाली बसून चोचीनं त्याचा पाय चोळू लागली.