मुळाखालचा चेंडू

फार फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा राजे पुष्कळ होते आणि नकाशा मात्र एकाकडेही नव्हता. कुणाची जमीन कुठे संपते, हे गावं दगड रोवून लक्षात ठेवत.

अशा एका मुलखात नदीकाठी वरवाडी आणि खालवाडी ही दोन गावं शेजारी नांदत होती. नांदत होती म्हणजे भांडत होती, पण बेताने. दोघांच्या मधे गाळाची सुपीक मळी आणि मळीत शिवेचा दगड. एका वर्षी पूर आला आणि दगड वाहून गेला. मग काय विचारता! वरवाडीचे म्हणू लागले, दगड पार खाली होता. खालवाडीचे म्हणू लागले, पार वर होता. दोन-चार डोकी फुटली, तेव्हा कुठे म्हाताऱ्यांना अक्कल सुचली. त्यांनी ठरवलं, चेंडूचा डाव मांडायचा. जो जिंकेल त्याने नवा दगड रोवायचा. तो रोवेल तिथे शीव.

बाभळीच्या गाठीचा चेंडू वाकड्या काठीने टोलवत माळ ओलांडायचा आणि शेवटी एका खळग्यात घालायचा, असा त्या मुलखाचा खेळ होता. ज्याचे टोले कमी, तो जिंकला. नियम शेंबड्या पोरालाही पाठ होते. वाऱ्याने चेंडू हलला, तर गेला तिथून मारा. माणसाच्या हातापायाने हलला, तर होता तिथे परत ठेवा आणि मग मारा. चुकून हलला असेल तर दंड नाही. पण हलवून गप्प बसलात, तर डाव गेला.

वरवाडीने साळूला उभं केलं. साळू शेळ्या राखायची, आणि माळावर तिच्यासारखा टोला कुणाचा नव्हता. नवरा गेल्यावर तिने आणि तिच्या दिराने, म्हादूने, मळीत शिवेला लागून कलिंगडाची वाडी केली होती. पोट त्या वाडीवरच होतं.

"वैनी, हरलात तर वाडी गेली बघा," म्हादू म्हणाला.

"ठावं हाय मला," साळूने पदर खोचला. "म्या हरायला न्हाई चालले."

खालवाडीकडून भिवा आला. अंगाने आडमाप, बोलायला थोडका. तिसऱ्या गावचा एक म्हातारा पंच म्हणून बसवला आणि डाव सुरू झाला. दोन्ही गावं बांधावर उभी राहून ओरडत होती. साळूने टोला मारावा, भिवाने गाठावं. भिवाने मारावा, साळूने गाठावं. उतारापर्यंत दोघं बरोबरीत होती.

उतारावर साळूचा चेंडू दगडावर आपटून करवंदाच्या जाळीत घुसला. पंच आणि भिवा एका बाजूने शोधू लागले, साळू दुसऱ्या बाजूने वाकून आत शिरली. गवत बाजूला सारताना तिचा पाय कशाला तरी लागला. खाली बघते तो काय, जाड मुळाच्या बेचक्यात अडकलेला चेंडू सुटला आणि घरंगळत जाळीबाहेर मोकळ्या जागेत जाऊन थांबला. तिथून खळगा समोर दिसत होता.

कुणी पाहिलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, तिला क्षणभर आनंदच झाला.

तेवढ्यात म्हादू धावत आला. "वा वैनी! देवच पावला! चेंडू चांगला उघड्यावर पडलाय!"

"पडला न्हाई, भावजी. माझा पाय लागला. आत मुळाखाली व्हता."

म्हादूने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मुद्दाम लावला का पाय?"

"न्हाई."

"मग पाप कसलं? मारा की हितनं!"

आता तुम्हीच सांगा, म्हादूचं काय चुकत होतं? पाय चुकूनच लागला होता. चुकून हलल्याला नियमातही दंड नव्हता, आणि पाहणारं कुणी नव्हतं. साळूच्या डोळ्यांपुढे वाडी उभी राहिली, वाडीतली फळं उभी राहिली, आणि रिकामी चूलही उभी राहिली.

"पाय लागला ते पाप न्हाई," ती म्हणाली. "पण आता हितनं मारला, तर त्यो मुद्दाम मारला व्हईल."

आणि तिने हाक दिली, "पंच! माझ्या पायानं चेंडू हललाय. जाग्यावर ठिवते, बघायला या."

पंच आला, भिवाही आला. साळूने चेंडू उचलून मुळाच्या बेचक्यात ठेवला. भिवा वाकून बघत राहिला. "एवढ्या अडचणीत व्हता, साळूबाई? जरा अलीकडं असंल."

"न्हाई. हितंच व्हता."

मग ती काट्यांत शिरली. पहिला टोला मुळालाच बसला. हात रक्ताळले, पदर फाटला, पण तिने काठी सोडली नाही. दुसऱ्या टोल्याला चेंडू बाहेर आला. तिसरा तिने असा मारला, की खालवाडीचे लोकही ओरडायचे थांबले. चेंडू खळग्याच्या काठापर्यंत गेला आणि तिथे थांबला.

भिवाने आपला चेंडू खळग्यात घातला आणि साळू एका टोल्याने हरली.

म्हादू मटकन खाली बसला. साळूला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

भिवाच्या हातात पहार दिली. खालवाडीच्या लोकांनी दगड उचलला आणि सगळे मळीत आले. "वर चल, भिवा! आणखी वर! कलिंगडं बी घे आपल्यात!" असा गलका झाला. भिवा चालत राहिला, मग थांबला.

"म्या कुठंबी दगड लावला, तरी वरवाडीवाले म्हणणार, ह्यानं सरकवला," तो म्हणाला. "आन खरं सांगू? तुमचं वरडणं ऐकून म्या सरकवीनबी." त्याने पहार साळूपुढे धरली. "कुणी बघत नसताना हिनं चेंडू काट्यात परत ठिवला. दगड हीच लावंल. जिंकलोय म्या, तवा माझं ऐकायचं."

दगड उचललेले लोक साळूच्या मागे वळले.

साळूने डोळे पुसले आणि पहार घेतली. जुन्या दगडावर बसून तिने वर्षानुवर्षं शेळ्या राखल्या होत्या. तिथे बसलं, की समोरच्या टेकडीची घळ दोन आंब्यांच्या मधोमध दिसायची. ती चार पावलं चालली, उकिडवी बसली, समोर पाहिलं आणि उठली. पुन्हा चालली, पुन्हा बसली. असं करत करत ती स्वतःच्या वाडीत शिरली, वेलांच्या दोन ओळी ओलांडल्या आणि तिथे पहार मारली.

"वैनी!" म्हादू कळवळला. "ह्ये वेल आपलं हायत!"

"दगड वाहून गेल्यावर वाफं काढताना थोडं थोडं फुडं आलो, भावजी. आपल्यालाबी कळलं न्हाई." तिने पहार पुन्हा मारली. "आता कळलं."

मग म्हादू पुढे झाला आणि दगडाला त्यानेच खांदा दिला.

त्यानंतरही नदीला पूर येत राहिले आणि दगड कधी कधी वाहून जात राहिला. पण शिवेसाठी पुन्हा डाव मांडावा लागला नाही. दोन्ही गावं साळूला बोलवत आणि ती बसेल तिथे दगड रोवत.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: चूक नकळत होते, पण ती तशीच राहू देणं कधीच नकळत होत नाही.