येसूची बाज आणि राज्याचे पोपट

एका राज्यात कायदे कागदावर लिहीत नसत, पोपटांना शिकवीत. एक कायदा, एक पोपट. असे तीनशे चाळीस पोपट राजवाड्यामागच्या पोपटशाळेत राहत, पेरू खात, आणि बोलावणं आलं की दरबारात येऊन आपापला कायदा म्हणत. पोपट मंतरलेले होते, म्हणून मरत नसत. कायदेही मंतरलेले होते. जो मोडील त्याचं लाकूड होई. पायांपासून सुरुवात, रोज थोडं थोडं वर, सातव्या दिवशी डोकं. शिपाई ठेवायची गरजच पडत नसे.

या दरबारात हैबती नावाचा नगारची होता. पोपटाचं पहिलं वाक्य झालं, की नगाऱ्यावर टिपरू हाणायचं, एवढंच त्याचं काम. धडाड धूम. मग सगळ्यांनी माना लववायच्या आणि न्याय झाला असं समजायचं. हैबतीच्या बापाने हेच केलं, आज्याने हेच केलं. चाळीस वर्षांत त्याचा हात कधी चुकला नव्हता. कान मात्र जरा मंदावले होते.

त्याला एकच लेक, येसू. बापाबरोबर नगाऱ्याचं कातडं ताणता ताणता तिला दोरीचा सूर कळू लागला. एके दिवशी तिने घरातली बाज नव्याने विणली, ती अशी, की डावीकडची दोरी छेडली की बाज वर उचलली जाई, उजवीकडची छेडली की पुढे सरके, पायथ्याची छेडली की हळूच खाली बसे. हैबती परसात आला तेव्हा लेक पेरूच्या शेंड्याजवळ तरंगत होती. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "उतर आता. भाकरी थापायच्यात."

पुढे नदीला पूर आला. नाव बंद पडली, आणि पलीकडच्या गावात एक बाई अडली. येसूने अलीकडच्या सुईणीला बाजेवर बसवलं आणि पुरावरून पलीकडे नेलं. पोर सुखरूप जन्मलं. परत येताना सुईण म्हणाली, "पुढच्या खेपेला एखादी उशी ठेव गं." येसू हसली, बाज काठावर उतरवली, पाय खाली टेकले, आणि तिच्या पावलांचं लाकूड झालं. सागवान होतं, चांगलं जुनं.

चौघांनी तिला उचलून दरबारात आणलं. राजा शूरकेतू मनाचा चांगला होता, पण त्याला सगळ्याची घाई असे. पोपटांची देखरेख करणाऱ्या विश्रामशास्त्र्यांनी पिंजरा उघडला. पोपट दांडीवर बसला आणि म्हणाला, "खाट, बाज, पलंग, यांतलं काहीही नदीपार नेऊ नये."

धडाड धूम. हैबतीला कळायच्या आत हात पडला होता.

"वाईट वाटतं, नगारची," राजा म्हणाला. "पण कायदा आहे."

"महाराज, ही उडणारी बाज. कायदा झाला तेव्हा अशी बाजच नव्हती."

शास्त्र्यांनी विचारलं, "हिला चार पाय आहेत ना?"

"आहेत."

"मग बाज आहे."

"पण का नेऊ नये, शास्त्रीबुवा?"

शास्त्र्यांनी त्याच्याकडे दयेने पाहिलं. "हैबती, कायद्यात 'का' नसतं. माझ्या पणजोबांच्या हाताखालीही हेच पोपट होते. त्यांनाही कुणी विचारलं नाही."

दुसऱ्या दिवशी लाकूड गुडघ्यापर्यंत आलं. येसू भिंतीला टेकून उभी होती. "आबा, एक बरं आहे. मुंग्या चावत नाहीत."

"डोंगरावर धुरपा चेटकीण राहते," हैबती म्हणाला. "पोपट तिनेच मंतरलेत म्हणतात. तिच्याकडे जाऊन येतो. वाळवी लागायच्या आत येतो, बाय."

"या. पण जेवून जा."

तो दिवसभर चालला. धुरपा चारशे वर्षांची होती आणि अंगणात तांदूळ निवडत होती. त्याचं गाऱ्हाणं ऐकून ती म्हणाली, "उपाय आहे. आधी माझी तीन कामं कर."

पहिलं काम, तिच्या विहिरीत बेडूक किती ते आत न बघता सांगायचं. हैबती कठड्याला कान लावून दिवसभर बसला. सांज होता होता त्याचे मंदावलेले कान उघडले आणि तो म्हणाला, "एकतीस. त्यातल्या एकाला सर्दी झालीय."

दुसरं काम, चिंचेवरच्या कावळ्याची तक्रार शेवटपर्यंत ऐकायची. कावळ्याचा कोकिळेशी घरट्यावरून वाद होता, आणि तो त्याने पणजोबापासून सांगायला घेतला. हैबतीचा हात दोनदा आपोआप वर गेला. शेवटी तो आपल्याच हातांवर बसला. तिन्हीसांजेला कावळा म्हणाला, "झालं. आता बरं वाटतंय," आणि उडून गेला.

"आता तिसरं," सकाळी उठल्याबरोबर धुरपा म्हणाली. "माझ्या सुनांविषयी ऐक."

चारशे वर्षांत तिला नऊ सुना झाल्या होत्या. तिसऱ्या सुनेपर्यंत न्याहारीची वेळ टळली, सहाव्या सुनेपाशी ऊन डोक्यावर आलं. एकीने लोणचं नासवलं होतं, एकीने मांजराला मंत्र शिकवले होते. नववी मात्र गुणाची होती. म्हातारीचे पाय चेपायची, आणि ऐन उमेदीत गेली. तिचं सांगताना धुरपाचा आवाज बारीक झाला. हैबतीने बाहीने डोळे पुसले.

धुरपाने त्याला पाण्याचा तांब्या दिला. "तिच्यासाठी आजवर परकं कुणी रडलं नव्हतं," ती म्हणाली. "जा आता. तुझं काम झालं."

"आणि मंत्र?"

"मंत्र नाही. पोपट मंतरले तेव्हाच्या राजाला मी अट घातली होती, की कायदा पुरता ऐकायचा. अर्धा ऐकाल तर तो माणसाला बांधील, पण सोडायचं विसरेल. पुढे एका राजाला पानावर बसायची घाई होती. त्याने पहिल्याच वाक्यावर नगारा वाजवायला लावला. तेव्हापासून हा शाप चालू आहे. आता तूच वाजवतोस, बाबा."

हैबती उतरणीवर दोनदा खाली बसला, मग झपाझप चालला. सातव्या दिवशी तो दरबारात पोचला तेव्हा येसू हनुवटीपर्यंत सागवान झाली होती. तिला बोलता येत नव्हतं, नुसते डोळे हलत होते.

शेवटच्या दिवशी कायदा पुन्हा ऐकायचा हक्क होता. हैबतीने तो मागितला आणि नगाऱ्यापाशी जाऊन उभा राहिला. पोपट म्हणाला, "खाट, बाज, पलंग, यांतलं काहीही नदीपार नेऊ नये."

टिपरू पडलं नाही.

"हैबती," शास्त्री कुजबुजले, "नगाऱ्याचाही कायदा आहे, आणि तो सात दिवस थांबत नाही."

थांबला नाहीच. हैबतीच्या बोटांचं लाकूड झालं, मग मनगटांचं, मग कोपरांचं. पोपटाने मान तिरकी करून नगाऱ्याकडे पाहिलं.

"वाजवणार नाहीस?"

"नाही. बोल बाबा. पुढे काय?"

पोपटाने घसा साफ केला. त्याला सवय राहिली नव्हती. "कारण पलीकडच्या गावांत ढेकणांची साथ आहे. साथ सरेपर्यंत हा कायदा. साथ सरली की मला सोडून द्यावं."

दरबारात दोघातिघांनी नकळत मान खाजवली.

"साथ सरली कधी?" राजाने विचारलं.

गर्दीतून सुईण म्हणाली, "महाराज, माझ्या आजीच्या आजीनेही ती पाहिली नव्हती."

हे शब्द निघाले आणि येसूच्या अंगावरचं लाकूड सालीसारखं तडकून खाली पडलं. पोपट खिडकीतून गेला. शास्त्री धावत जाऊन नगाऱ्याचा पोपट घेऊन आले. त्याने नगारा वाजवायचा हुकूम म्हटला, आणि पुढे म्हणाला, "हे आजच्यापुरतं. महाराजांचं पान वाढलंय." हैबतीचे हात मोकळे झाले. त्याने ते आधी लेकीच्या डोक्यावरून फिरवले.

मग राजाने सगळे पोपट पुरते ऐकायचं ठरवलं. त्याला तीन महिने लागले, आणि राजाला बसून राहायची सवय झाली. दोनशे बारा पोपट म्हणाले, आमचं काम केव्हाच संपलंय. ते उडून गेले. बाकीच्यांचं कारण अजून खरं होतं. पाणवठ्याच्या वरच्या अंगाला गुरं धुऊ नयेत, हे ऐकून सगळ्यांनी मनापासून मान हलवली.

इकडे येसूने चाळीस बाजा विणल्या आणि नवी पंचाईत उभी राहिली. कुणी लोकांच्या वाळवणावर उतरलं, कुणी मुंजीच्या मांडवात शिरलं, एक जण घोरता घोरता राजवाड्याच्या कळसाला अडकला. येसू आपणहून दरबारात आली. "महाराज, बाजांना कायदा हवा."

"तू मागतेस?" राजा म्हणाला. "तुझं तर लाकूड झालं होतं."

"म्हणून तर मीच सांगते, तो कसा असावा."

तीन दिवस बसून कायदा झाला. वाळवणावरून उडू नये, कारण केर पडतो. बसणाऱ्याने कमरेला दोरी बांधावी, कारण झोप सांगून येत नाही. तीन वर्षांनी पुन्हा सगळ्यांनी बसावं आणि बघावं. हे सगळं एका कोवळ्या पोपटाला शिकवलं. लाकूड करायचा मंत्र मात्र धुरपाने घातला नाही. ती म्हणाली, दंड तुमचा तुम्ही बघा, मी सुनांच्या गोष्टींपुरती आहे.

पहिल्या दिवशी येसूने बापाला बाजेवर बसवलं.

"दोरी बांधा, आबा."

"मी काय लहान आहे?"

"कारण सांगू?"

"सांग," हैबती म्हणाला. तिने सांगितलं, त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि गाठ मारली. येसूने डावी दोरी छेडली. बाज नदीवरून पलीकडे गेली, जिथे पुरात जन्मलेलं पोर आता रांगत होतं. बापलेक तिथे सुखाने उतरले, तसे तुम्हीआम्हीही उतरू.