दात कोणाचे

एका राज्यात रणधवल नावाचा राजा होता, आणि त्या राज्याला लागून एक रान होतं. रान राजाच्या आधीचं, म्हणून तिथली रीतही रानाचीच चाले. शिवेवर एक काळा दगड होता. कुत्रा घेऊन रानात शिरणाऱ्याने, मग तो राजा असो की गुराखी, त्या दगडापाशी थांबायचं, कुत्र्याच्या गळ्यात दोर बांधायचा, दोराचं टोक मुठीत धरायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "कुत्रा माझा, दात माझे." आत कुत्र्याने जे करायचं ते आपणच केलं, असा त्याचा अर्थ. एवढं म्हटलं की रान वाट देई.

रणधवल राजानेही ते म्हटलं होतं. काबऱ्या त्याचा लाडका कुत्रा, अंगावर ठिपके, कंबर सुपारीच्या झाडासारखी सडपातळ. त्याच्या दोराचे दोन वेढे राजाच्या मुठीला होते. शेजारी एकुलती एक लेक मंदारवती चालत होती. पाणवठ्यावर भेकराचं पाडस पाणी पीत होतं. राजाने वेढे सोडले, "छू" म्हटलं, आणि कुत्र्याने कुत्र्याचं काम केलं.

तेव्हा उंबराच्या ढोलीतून रानाचा राखणदार बाहेर आला. उंबरजोगी त्याचं नाव. मांत्रिक होता, पण उगाच मंत्र उधळणारा नव्हता. त्याने एवढंच विचारलं, "राजा, दात कोणाचे?"

राजाने रक्त पाहिलं, जोग्याचे डोळे पाहिले, आणि त्याच्या शौर्याचं पाणी पाणी झालं. म्हणाला, "कुत्र्याचे. आणि हा कुत्रा माझा नाही."

काबऱ्या शेपूट हलवत त्याच्याकडेच बघत होता. मंदारवतीने काबऱ्याच्या मानेवर हात ठेवला.

"बरं," जोगी म्हणाला. "तुझा नाही तर नाही. आजपासून तुझ्या राज्यात कोणाचंच कोणी नाही."

शाप लागला तो त्याच घटकेला. बाया कडेवरचं पोर खाली ठेवून विचारू लागल्या, "कोणाचं रे तू?" नवरा दारात आला की बायको म्हणे, "पाहुणे, घरी पुरुषमाणूस नाही, उद्या या." म्हातारी माणसं आपल्याच ओसरीवर परक्यासारखी पाणी मागून पीत. मेलेल्याला रडायला कोणी नसे. ओळख उरली ती कुत्र्यांना. आणि मंदारवतीला, शाप लागला तेव्हा तिचा हात काबऱ्याच्या मानेवर होता ना!

राजा ताटावर बसला की विचारी, "ही मुलगी कोण? रोज माझ्या पंगतीला का बसते?"

"मी तुमची लेक मंदार, महाराज," ती सांगे.

"मला लेक नाही. हिला कोणी बोलावलं?"

रोज हेच. आणि रोज ती पुन्हा बसे. आपल्याच बापाला आपलं नाव सांगत बसायचं, याहून वाईट हाल शत्रूच्याही लेकीचे होऊ नयेत. बापाने एकदा, एकदाच, आपल्याला हाक मारावी, एवढंच तिचं मागणं होतं.

एके दिवशी प्रधानाने तोड काढली. "सगळं खूळ त्या कुत्र्यापायी. शिवेवरच्या दगडावर त्याचा जीव घ्या, शाप फिटेल."

"घ्या," राजा म्हणाला.

मंदारवतीने तांबडं फुटायच्या आत काबऱ्याला दोर बांधला आणि शीव गाठली. दगडापाशी उभी राहून म्हणाली, "कुत्रा माझा, दात माझे."

उंबरजोगी समोर आला. "ज्याने यायचं तो आला नाही."

"तो येणारही नाही. त्याचं रक्त आलंय. चालेल का?"

"चालेल. पण किंमतही तूच भरायचीस. पाणवठ्यापर्यंत जा. तिघे आडवे येतील. दोर ताणायचा नाही आणि सोडायचाही नाही."

ती चालू लागली. माळावर टिटवी उठली आणि डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली. "आली! राजाची पोर आली, कुत्रं घेऊन आली! तुडवा आता माझी अंडी, एवढंच राहिलंय तुमचं!"

अंडी उघड्या मातीत होती, खड्यांसारखी, खड्यांतच. काबऱ्या टिटवीकडे झेपावला. दोर ताणता येईना, सोडता येईना. मंदारवती दोर मनगटाला गुंडाळून गुडघ्यांवर आली आणि तिने अंड्यांवर दोन्ही तळवे पालथे धरले. कुत्रा तिच्या हातांवर पाय देऊन गेला. नखं रुतली, रक्त आलं, पण अंडी शाबूत राहिली.

टिटवी खाली उतरली. "बापापेक्षा बरी आहेस म्हणायची," ती म्हणाली. "जा पुढे."

पुढे कड्याखाली एक घोरपड उन्हात पसरली होती. तिच्या पोटाखाली शापित धन होतं: सोन्याचे पट्टे, रुप्याच्या घंटा. राजे शिकार करून गेले, दोष कुत्र्यांवर टाकून गेले. त्या मारलेल्या कुत्र्यांच्या गळ्यातलं ते सगळं.

घोरपड सुस्तपणे बोलली. "पोरी, त्यातला एक पट्टा घे. बापापुढे धर. तो तुला तत्काळ ओळखेल. फक्त तुला. बाकी राज्य राहील तसंच. बदल्यात कुत्रा इथे सोड."

मंदारवती थांबली. खोटं कशाला सांगायचं, बराच वेळ थांबली. काबऱ्या एकेक पट्टा हुंगत होता. एका पट्ट्यापाशी तो बसला आणि त्याने त्यावर हनुवटी टेकली. त्याच्या आईचा होता तो.

"नको," मंदारवती म्हणाली. घोरपड बाजूला सरकली.

पाणवठ्यावर भेकराची मादी उभी होती. तिने तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. ती डोळ्यांनी बोलली आणि मंदारवतीला ते कळलं.

"दात कोणाचे?"

"माझे."

"माझं पाडस गेलं त्या दिवशी माझी हाक गेली. वाघ निघाला की मी भुंकत असे, सगळं रान सावध होई. आता कोणी सांगत नाही. रोज कोणीतरी मरतं. तुझा गळा दे. आजपासून माझी हाक तू घालायची. माणसाची बोली मात्र उरणार नाही."

"आणि शाप?"

"फिटेल."

मंदारवतीने काबऱ्याकडे पाहिलं. मग शेवटचं बोलली. "घे."

शाप फिटला. गावोगाव माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडू लागली. बाया पोरांचे मुके घेता घेता थकेनात. राजवाड्यात पंगत बसली होती, मांडलिक राजे आले होते. मंदारवती दारात दिसताच राजा ताटावरून उठला आणि हात पसरून धावला. "मंदार! बाळ माझी!"

हीच हाक. हिच्यासाठीच सारं केलं होतं. "बाबा" म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि ती भुंकली.

पंगत गपकन थांबली. मग मांडलिकांपैकी कोणीतरी हसलं. राजाने वळून त्या तोंडांकडे पाहिलं. त्याचे हात हळूच खाली आले.

"ही माझी नाही," तो म्हणाला.

कंगोऱ्यावरून टिटवी किंचाळली. "ओळखलंस की रे! नाव घेऊन हाक मारलीस! आता तर शापही नाही तुझ्यावर!"

"रानातलं काहीतरी आहे," राजा म्हणाला. नजर मात्र जमिनीला. "आमच्यावर उपकार केले असतील. सोन्याचा पट्टा द्या आणि शिवेपार पोचवा."

मंदारवतीने पट्ट्याला हात लावला नाही. तिने काबऱ्याच्या गळ्यातला दोर सोडला. बापाचा हात हातात घेतला. लहानपणी घेई तसाच. आणि त्याच्या मुठीला दोराचे दोन वेढे दिले, त्या दिवशी होते तसेच. मग ती निघाली. काबऱ्या बिनदोराचा तिच्यामागे गेला. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

राज्याची घडी पुन्हा बसली. पेरण्या झाल्या, लग्नं लागली, मेलेल्यांना रडायला माणसं मिळाली. दरबारात सगळे म्हणतात, असा राजा होणे नाही. वाघ निघाला की शिवेवरून हाक येते. गुराखी गुरं वळवतात, बाया घागरी उचलून माघारी फिरतात, आणि ज्यांचे जीव वाचतात ते हाक घालणारीला हात जोडतात. राजाच्या मुठीवरचे वेढे मात्र निघत नाहीत. जेवताना नाही, निजताना नाही. दोराचं दुसरं टोक जमिनीवर घासत त्याच्यामागे फिरतं.

कोणी नवा पाहुणा हाक ऐकून विचारतो, "महाराज, हे काय भुंकतंय?"

"कुत्रा असेल," राजा म्हणतो.

"कोणाचा?"

राजा खिडकी लावून घेतो.